गडवाटेची पाठपिशवी : काय घ्यावे, कोठे ठेवावे

धरमतर : मुंबई-गोवा महामार्गाने पेण मागे टाकले की वडखळला रस्ता फुटतो. उजवीकडचा रस्ता अंबा नदीवरील धरमतरचा पूल ओलांडून अलिबाग तालुक्यात उतरतो, तर सरळ जाणारा महामार्ग नागोठणे, कोलाडकडे निघतो. सुट्टीच्या दिवशी पहाटे या नाक्यावर पाठीवर सॅक घेतलेल्या तरुणांचे घोळके हमखास दिसतात. कोणाला पेणजवळच्या सांकशीला जायचे असते, कोणाला अलिबाग रस्त्यावरील खंडाळे गावातून सागरगडावर. कोणी रोह्याचा अवचितगड, घोसाळगड किंवा खांबजवळचा सुरगड गाठणार असतो, तर कोणी वाकण फाट्यावरून पालीकडे वळून सरसगड आणि सुधागडाची वाट धरणार असतो.

या घोळक्यांतील सॅककडे जरा निरखून पाहिले तर निम्मी तयारी तेथेच उघडी पडते. कोणाच्या सॅकला बाहेरून चपला, पातेले आणि पाण्याची बाटली लोंबत असते. कोणाची सॅक एका खांद्याकडे कललेली असते. कोणी पाच लिटरचा पाण्याचा कॅन हातात धरूनच चढाईला निघतो. गडाच्या पायथ्याशी या गोष्टींचे काही वाटत नाही. दोन तासांनंतर खडकात खोदलेल्या उंच पायऱ्यांवर याच गोष्टी तोल घालवतात, खांदे धरतात आणि माणसाला थकवतात. थकलेल्या माणसाचे पाऊल चुकते, हा डोंगरातील जुना अनुभव आहे. त्यामुळे सॅक कशी भरावी हा प्रश्न टापटिपीपुरता मर्यादित राहत नाही. तो सुरक्षिततेचा प्रश्न ठरतो.

उंची कमी, दमछाक अधिक

रायगड जिल्ह्यातील या गडांची उंची आकड्यांत फारशी भरत नाही. अवचितगड समुद्रसपाटीपासून सुमारे ३०० मीटर, तर सुधागड सुमारे ६०० मीटर उंच आहे. परंतु येथील पायथ्याची बहुतेक गावे समुद्रसपाटीच्या फारशी वर नाहीत. घाटमाथ्यावरच्या किल्ल्यांवर निम्मी उंची गाडीच चढून देते. कोकणात मात्र जवळजवळ सगळी उंची स्वतःच्या पायांनी चढावी लागते. त्यात खाडीवरून येणारी दमट हवा. अशा हवेत घाम येतो, पण तो लवकर वाळत नाही आणि शरीर थंड होत नाही. फेब्रुवारी संपला की सकाळी नऊनंतर चढाई नकोशी होते, ती यामुळेच.

दुसरी अडचण पाण्याची. धरमतर खाडीच्या दोन्ही काठांवरील पट्टा खारेपाट म्हणून ओळखला जातो. डोळ्यांसमोर पाणी असते, पण ते पिण्याचे नसते. उन्हाळ्यात या भागातील अनेक गावांना पिण्याच्या पाण्यासाठी वणवण करावी लागते. अशा वेळी वीस-पंचवीस जणांच्या गटाने गावातील हंड्यांवर भिस्त ठेवून रिकाम्या बाटल्या घेऊन यावे, हे शिष्टाचारालाही धरून नाही. गडांवर पाण्याची टाकी आहेत. परंतु टाके असणे आणि त्यात पिण्याजोगे पाणी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उन्हाळ्यात काही टाकी आटतात, काहींत शेवाळ माजते. म्हणून या परिसरात सॅक भरण्याची सुरुवात पाण्यापासूनच करावी. आधी पाण्याची जागा व वजन ठरवावे आणि उरलेल्या जागेत बाकीचे सामान बसवावे.

पडशीपासून फ्रेमच्या सॅकपर्यंत

ओझे कसे वाहावे याचे ज्ञान येथील लोकांना परंपरेने आहे. पूर्वीचा वाटसरू खांद्यावर पडशी टाकत असे. पडशीचा एक कप्पा छातीवर आणि दुसरा पाठीवर येतो, त्यामुळे वजन दोन्हीकडे सारखे विभागले जाते. डोंगरातून लाकडाची मोळी आणणारी ठाकर, कातकरी स्त्री डोक्यावर चुंबळ ठेवून त्यावर भार घेते. मोळी डोक्याच्या बरोबर मध्यावर असल्याने भार मणक्यावरून सरळ कमरेत आणि तेथून पायांत उतरतो. तिची चाल पाहिली की ओझे शरीराच्या मध्यरेषेजवळ असावे, हा नियम निराळा शिकवावा लागत नाही.

आधुनिक सॅकची रचना याच तत्त्वावर आधारलेली आहे. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात डिक केल्टी यांनी १९५२ मध्ये ॲल्युमिनियमच्या चौकटीच्या सॅक विकण्यास प्रारंभ केला. खांद्यावरचा भार कमरेवर नेणारा पट्टा लोकप्रिय करण्याचे श्रेयही त्यांनाच दिले जाते. पुढे १९६७ मध्ये ग्रेग लोव यांनी चौकट सॅकच्या आत नेली. त्यामुळे सॅक पाठीला चिकटून बसू लागली आणि अरुंद वाटेवर, खडकावर ती अडकेनाशी झाली. महाराष्ट्रात १९५४ मध्ये मुंबईत ‘गिरिविहार’सारखी संस्था स्थापन झाली, तेव्हा लष्कराच्या वापरातील किंतानी पिशव्या आणि घरी शिवलेल्या झोळ्यांवरच भटकंती चालत असे. आज बाजारात शेकडो प्रकारच्या सॅक मिळतात. साधन सुधारले, परंतु ते भरण्याची पद्धत ज्याची त्यालाच शिकावी लागते.

सॅक निवडताना

सॅकचे माप लिटरमध्ये सांगितले जाते. सकाळी जाऊन संध्याकाळी परतण्याच्या भटकंतीला २० ते ३० लिटरची सॅक पुरते. गडावर एक मुक्काम असल्यास ४० ते ५० लिटरची सॅक घ्यावी. चार-पाच दिवसांच्या मोहिमेसाठी ६० लिटर वा त्याहून मोठी सॅक लागते. गरजेपेक्षा मोठी सॅक घेण्याचा मोह टाळावा. रिकामी जागा दिसली की ती भरण्याची माणसाची प्रवृत्ती असते आणि नको त्या वस्तू आत जातात. शिवाय अर्धवट भरलेल्या सॅकमध्ये सामान हलत राहते व प्रत्येक पावलाला तोल बदलतो.

लिटरइतकेच महत्त्व पाठीच्या लांबीला आहे. मान खाली वाकवल्यावर मानेच्या तळाशी जो मणका बाहेर आलेला जाणवतो, तेथपासून कमरेच्या हाडांच्या वरच्या कडेपर्यंतचे अंतर म्हणजे पाठीची लांबी. उंच माणसाची पाठ आखूड आणि बुटक्या माणसाची पाठ लांब असू शकते. त्यामुळे सॅक विकत घेताना ती पाठीवर चढवून, आत पाच-सहा किलो वजन टाकून दुकानातच दहा मिनिटे चालून पाहावे. शाळा-कॉलेजची दोन पट्ट्यांची पिशवी गडावर चालते का, असा प्रश्न नवखे नेहमी विचारतात. चार-पाच किलो वजनापर्यंत आणि सोप्या वाटेवर ती चालते. त्यापुढे मात्र कमरेचा पट्टा असलेलीच सॅक हवी.

वजनाचा हिशोब

एका दिवसाच्या भटकंतीत सॅकचे वजन स्वतःच्या वजनाच्या सुमारे दहा टक्के आणि मुक्कामाच्या भटकंतीत वीस टक्क्यांच्या आत असावे, असा सर्वसाधारण दंडक आहे. साठ किलो वजनाच्या व्यक्तीसाठी हा हिशोब अनुक्रमे सहा आणि बारा किलो होतो.

एका दिवसाचे सहा किलो कसे भरतात, हे पाहण्यासारखे आहे. रिकामी सॅक एक किलो, तीन लिटर पाणी तीन किलो, खाद्यपदार्थ पाऊण किलो, रेनकोट सुमारे चारशे ग्रॅम, जादा कपडे अर्धा किलो आणि टॉर्च, औषधे वगैरे मिळून अर्धा किलो. बेरीज सहा किलोच्या किंचित वर जाते आणि त्यातील निम्मा वाटा एकट्या पाण्याचा असतो. म्हणजे वजन वाचवायचे असेल तर ते इतर वस्तूंत वाचवावे. पाण्यात कपात करू नये.

मुक्कामाच्या सॅकचा हिशोब असा : सॅक पावणेदोन किलो, पाणी चार किलो, खाद्यपदार्थ दीड किलो, स्लीपिंग बॅग व मॅट मिळून दीड किलो, कपडे एक किलो, रेनकोट चारशे ग्रॅम, भांडी-स्टोव्हचा वाटा सुमारे पाऊण किलो, टॉर्च-औषधे सहाशे ग्रॅम. हे सारे साडेअकरा किलोंच्या आसपास जाते. यात जीन्स, जाड टॉवेल, साबणाची मोठी वडी, काचेची बाटली यांना जागा नाही. जीन्स भिजली की जड होते आणि कोकणच्या दमट हवेत दोन दिवस वाळत नाही. तिच्याऐवजी पटकन वाळणारी सैल पँट घ्यावी आणि टॉवेलऐवजी पंचा. पंचा अंग पुसायला, डोक्याला बांधायला, पाणी गाळायला आणि वेळ पडल्यास मोडलेला हात गळ्यात अडकवायलाही उपयोगी पडतो.

भरण्याचा क्रम

सॅक भरण्यापूर्वी सर्व सामान जमिनीवर मांडावे. जे दिसते ते मोजता येते आणि जे मोजता येते ते कमी करता येते. त्यानंतर सॅकचे पुढील भाग कल्पावेत.

तळ : मुक्कामाच्या ठिकाणी पोहोचेपर्यंत ज्याला हात लावायचा नाही, ते तळाशी जावे. स्लीपिंग बॅग, रात्रीचे कपडे, सुके मोजे येथे ठेवावेत. हे सामान हलके व मऊ असल्याने सॅक टेकवताना गादीसारखे काम करते.

मध्य, पाठीलगत : सर्वांत जड वस्तू येथे असाव्यात. पाण्याच्या जादा बाटल्या, तांदूळ-डाळ, भांडी, स्टोव्ह ही मंडळी पाठीला चिकटून, खांद्याची पाती आणि कंबर यांच्या मधल्या भागात हवीत. जड वस्तू पाठीपासून दूर गेली की सॅक माणसाला मागे ओढते. मग तो नकळत पुढे वाकून चालतो आणि मान-खांदे भरून येतात. जड वस्तू अगदी तळाशी गेल्यास सॅक खाली लोंबते. अगदी माथ्यावर गेल्यास उतारावर तोंडावर पडण्याची भीती असते.

मध्य, बाहेरच्या बाजूला : जादा शर्ट, मॅट, सुका खाऊ अशा मध्यम व हलक्या वस्तू येथे ठेवाव्यात. भांड्यांचे कोपरे पाठीला टोचू नयेत म्हणून कपड्यांचा उपयोग भरावासारखा करावा. पातेले रिकामे नेऊ नये. त्यात चहा-साखरेच्या पुड्या बसतात.

माथा : रेनकोट, प्रथमोपचाराची पिशवी, दुपारची शिदोरी. वाटेत थांबून ज्या वस्तू काढाव्या लागतात, त्या सर्वांत वर.

वरचा व बाजूचे कप्पे : टॉर्च, शिट्टी, चाकू, काडेपेटी, टोपी, हाताशी लागणारी पाण्याची बाटली. दोन्ही बाजूंच्या कप्प्यांत सारखे वजन राहील हे पाहावे. एका बाजूला भरलेली बाटली आणि दुसरी बाजू रिकामी असल्यास सॅक दिवसभर एकीकडे ओढत राहते.

पाणी एकाच मोठ्या कॅनमध्ये न नेता एक-एक लिटरच्या तीन-चार बाटल्यांत विभागावे. एक फुटली वा हरवली तरी बाकीचे शाबूत राहते, शिवाय किती उरले याचा अंदाज येतो. कॅन हातात घेऊन चढणे तर सर्वथा वर्ज्य. दोन्ही हात मोकळे असणे ही गडवाटेवरची पहिली अट आहे. सरसगडाच्या उंच, उभ्या पायऱ्यांवर किंवा सुधागडाच्या ठाकूरवाडीकडील वाटेवरील लोखंडी शिडीवर एक हात अडकलेला असेल तर दुसऱ्या हातावर सारा भार येतो. अशा गडांवर जाताना बाहेर लोंबणारे एकही बंद, बाटली वा बूट सॅकला असू नये. ते झुडपात किंवा शिडीच्या दांड्यात अडकतात आणि धक्का बसतो. खडकाळ, उभ्या चढाची वाट असेल तर जड वस्तू नेहमीपेक्षा किंचित खाली, पोटाच्या पातळीवर घ्याव्यात; तोल अधिक सांभाळला जातो.

पट्टे बांधण्याची रीत

उत्तम भरलेली सॅकही पट्टे चुकीचे बांधल्यास त्रास देते. सॅक पाठीवर घेण्यापूर्वी सर्व पट्टे सैल करावेत. प्रथम कमरेचा पट्टा बांधावा. तो पोटावर न येता कमरेच्या दोन्ही हाडांवर बसला पाहिजे. भाराचा मोठा वाटा तेथेच पेलला जातो. मग खांद्याचे पट्टे सॅक पाठीला टेकेल इतपत ओढावेत. त्यानंतर खांद्यावरून सॅकच्या माथ्याकडे जाणारे लहान पट्टे ओढून सॅक अंगाजवळ आणावी. शेवटी छातीचा पट्टा लावावा; मात्र श्वास घेताना तो आवळता कामा नये.

चढताना व उतरताना पट्ट्यांत थोडा बदल करण्याची सवय ठेवावी. दर तासाला काही क्षण कमरेचा भार खांद्यांवर आणि खांद्यांचा कमरेवर घेतल्यास स्नायूंना आळीपाळीने विश्रांती मिळते. ओढा ओलांडताना कमरेचा व छातीचा पट्टा सोडून ठेवण्याची शिस्त मात्र काटेकोर पाळावी. पाण्यात पाय घसरला तर सॅक क्षणात अंगावेगळी करता आली पाहिजे. पावसाळ्यात गुडघ्याच्या वर वाहते पाणी असेल तर ओढा ओलांडूच नये.

पावसाळ्यातील सॅक

रायगड जिल्ह्यात पावसाळ्यात सरासरी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पावसात भिजलेल्या सॅकचे वजन वाढते आणि रात्री सुके कपडे नसतील तर सह्याद्रीच्या माथ्यावर, वाऱ्यात, जुलै महिन्यातही माणूस गारठतो.

बहुतेकांचा विश्वास सॅकवर चढवायच्या आवरणावर असतो. ते आवरण पाठीकडची बाजू झाकत नाही. मानेवरून ओघळलेले पाणी पाठ आणि सॅक यांच्यामधून आत झिरपते. वाऱ्याने आवरण उडून गेल्याचेही प्रसंग घडतात. कोकणातला शेतकरी भातलावणीच्या वेळी डोक्यापासून कमरेखालपर्यंत इरले घेत असे. त्यात पाठ आणि डोके एकाच छपराखाली येई आणि पाण्याला आत शिरायला फट राहत नसे. पाठीवरच्या सॅकसकट अंग झाकणारा पोंचो हा त्या इरल्याचाच आजचा अवतार म्हणता येईल.

खरा बचाव मात्र आतून करावा लागतो. सॅकमध्ये प्रथम जाड प्लॅस्टिकची मोठी पिशवी अस्तरासारखी घालावी, तिच्यात सामान भरावे आणि तोंड पिळून, दुमडून बांधावे. त्या पिशवीच्या आत सुक्या कपड्यांचा एक जोड आणि स्लीपिंग बॅग पुन्हा स्वतंत्र पिशव्यांत असावी. मोबाइल, पैसे, ओळखपत्र, औषधे आणि काडेपेटी यांना घट्ट बंद होणारी छोटी पिशवी हवी. रात्रीचे सुके कपडे दिवसा कितीही भिजलो तरी काढायचे नाहीत, हा नियम कसोशीने पाळावा. सकाळी ओले कपडे पुन्हा अंगावर चढवणे जिवावर येते, परंतु सुका जोड वाचतो.

पावसाळ्यात सर्वांत शहाणपणाचा निर्णय कधीकधी भरलेली सॅक पुन्हा रिकामी करण्याचा असतो. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या कुशीतील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह हाती लागले आणि ५७ जणांचा शोध न लागताच मदतकार्य थांबवावे लागले. वाडीपर्यंत गाडीरस्ता नव्हता. त्यामुळे बचावपथकांना आणि त्यांच्या मदतीला धावलेल्या गिर्यारोहकांना भर पावसात, निसरड्या पायवाटेने सामान पाठीवरून वर न्यावे लागले. हवामान विभागाने अतिवृष्टीचा लाल इशारा दिला असेल तर गडावर जाण्याचा बेत रद्द करावा. आपल्यासाठी दुसऱ्याला त्याच वाटेने ओझे घेऊन यावे लागू नये, एवढे भान प्रत्येक भटक्याने ठेवले पाहिजे.

शिदोरी

गडावरचे जेवण हलके, टिकाऊ आणि शिजवण्याची गरज नसलेले असावे. दशम्या, धपाटे, तीळ-शेंगदाण्याची चटणी, गूळ-शेंगदाणे, खजूर, चिक्की, भाजलेले पोहे हे पदार्थ पिढ्यान्‌पिढ्या प्रवासात टिकले आहेत. पेणचे पोह्याचे पापड प्रसिद्ध असले तरी सॅकमध्ये त्यांचा चुरा होतो. ते परतीच्या खरेदीसाठी राखून ठेवावेत. चिप्स व खारट फरसाण तहान वाढवतात. केळी वरच्या कप्प्यात ठेवावीत आणि पहिल्याच थांब्यावर संपवावीत.

घामावाटे पाण्यासोबत क्षारही जातात. त्यासाठी जलसंजीवनीची पाकिटे जवळ ठेवावीत. ती नसल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवून घरगुती द्रावण करता येते. हे माप चहाच्या लहान चमच्याचे आहे. मिठाचे प्रमाण अंदाजाने वाढवू नये. टाक्यातील पाणी पिण्याची वेळ आलीच तर ते पंच्याने गाळून उकळावे किंवा क्लोरिनच्या गोळ्या टाकून अर्धा तास ठेवावे.

मुक्कामात चूल पेटवण्याचा मोह अनेकांना होतो. फेब्रुवारी ते मे या काळात वाळलेल्या गवतात ठिणगी पडून डोंगरच्या डोंगर पेटतात. म्हणून शिजवायचेच असल्यास छोटा स्टोव्ह वापरावा. मात्र रेल्वेतून गॅस, रॉकेल यांसारखे ज्वलनशील पदार्थ नेण्यास मनाई आहे. पेण किंवा रोह्यापर्यंत रेल्वेने येणाऱ्यांनी शिजवण्याचा बेत बाजूला ठेवून शिदोरीच आणावी.

प्रथमोपचार आणि संकटसमय

प्रथमोपचाराची पिशवी लहान असावी, पण ती कोठे आहे हे गटातील प्रत्येकाला ठाऊक असावे. कापूस, निर्जंतुक गॉज, चिकटपट्टी, जंतुनाशक, मुरगळलेल्या पायासाठी क्रेप बँडेज, तापावरची गोळी, जलसंजीवनी आणि स्वतःची नेहमीची औषधे एवढे पुरते. दमा, मधुमेह वा ॲलर्जी असलेल्याने ते गटप्रमुखाला आधीच सांगावे आणि औषध सॅकच्या वरच्या कप्प्यात ठेवावे.

सर्पदंशासाठी ब्लेड आणि दोरी बाळगण्याची जुनी पद्धत सोडून द्यावी. जखम कापणे, चोखणे, दोरीने आवळणे हे अपायकारक आहे. दंश झालेल्याला धीर द्यावा, चालू देऊ नये, दंशाचा अवयव क्रेप बँडेज व काठीच्या आधाराने स्थिर ठेवावा आणि शक्य तितक्या लवकर रुग्णालय गाठावे. सर्पदंशावरचा खरा उपाय रुग्णालयातील प्रतिविष हाच आहे. या परिसरात अलिबागचे जिल्हा रुग्णालय आणि पेण व रोह्याची उपजिल्हा रुग्णालये ही जवळची ठिकाणे होत. मधमाश्यांची पोळी असलेल्या कड्यांखाली अत्तर, धूर आणि आरडाओरडा टाळावा.

प्रत्येकाच्या गळ्यात किंवा सॅकच्या खांदापट्ट्यावर शिट्टी असावी. एका मिनिटात सहा वेळा शिट्टी, मग एक मिनिट शांतता आणि पुन्हा सहा वेळा, ही संकटाची सर्वमान्य खूण आहे. उत्तरादाखल मिनिटाला तीन शिट्ट्या देतात. टॉर्चचा प्रकाशही याच क्रमाने दाखवता येतो. मोबाइलची रेंज असल्यास ११२ हा आपत्कालीन आणि १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक लावावा. डोंगराच्या घळीत रेंज नसते. म्हणून कोणत्या गडावर, कोणत्या वाटेने जाणार आणि कधी परतणार हे घरी व पायथ्याच्या गावात सांगून जावे.

एका दिवसात परतायचे असले तरी टॉर्च घ्यायलाच हवा. वाट चुकली, कोणाचा पाय मुरगळला, तर अंधार गाठतो. मोबाइलच्या उजेडावर विसंबून उतरू पाहणारा माणूस शेवटी मदतीचा फोन करण्यापुरतीही बॅटरी राखू शकत नाही.

गटाची सॅक

गटाने जाताना प्रत्येकाने सगळेच आणू नये. स्टोव्ह, पातेले, तंबू, प्रथमोपचाराची मोठी पिशवी यांची वाटणी आदल्या दिवशीच करावी. तंबूचे कापड एकाकडे आणि काठ्या दुसऱ्याकडे अशी विभागणी करता येते. शिजवण्याचे सामान खाताना संपते, त्यामुळे ते वाहणाऱ्याची सॅक परतीला हलकी होते. त्या वेळी त्याने दुसऱ्याचे ओझे वाटून घ्यावे. पाणी, टॉर्च, रेनकोट आणि शिट्टी मात्र वाटून घेण्याच्या वस्तू नव्हेत. गट दुभंगला तरी प्रत्येकाजवळ या चार गोष्टी असल्याच पाहिजेत.

लहान मुलांना रिकाम्या हाताने नेण्याऐवजी छोटी सॅक द्यावी. तिच्यात स्वतःची पाण्याची बाटली, टोपी, खाऊ आणि शिट्टी एवढेच असावे. स्वतःचे सामान स्वतः वाहण्याची सवय तेथूनच लागते.

परतीचे ओझे

सॅक भरताना एक रिकामी पिशवी आठवणीने ठेवावी. ती कचऱ्यासाठी असते. राज्य शासनाने २०१८ मध्ये प्लॅस्टिकच्या अनेक वस्तूंवर बंदी आणली, तरी गडांवरील टाक्यांत आजही बाटल्या आणि वेष्टने तरंगताना दिसतात. वर नेलेली भरलेली बाटली चढवणे जड जाते. तीच रिकामी खाली आणायला काहीच वजन नसते. ज्या टाक्यात कचरा पडतो, त्याच टाक्यावर एखाद्या वाडीची गुरे आणि पुढच्या आठवड्यातील भटके अवलंबून असतात.

घरी परतल्यावर सॅक तशीच कोपऱ्यात टाकू नये. ती उलटी करून झटकावी, ओल्या फडक्याने पुसावी आणि सावलीत वाळवावी. खाडीकाठच्या दमट हवेत ओल्या सॅकला चार दिवसांत बुरशी धरते, बक्कल आणि चेन खराब होतात. त्याच वेळी एक साधी यादी करावी : कोणत्या वस्तूचा उपयोग झाला, कोणती एकदाही बाहेर निघाली नाही आणि कोणत्या वस्तूची उणीव भासली. औषधे, टॉर्च आणि रेनकोट न वापरताही पुढच्या वेळी घ्यायचेच असतात. बाकीच्या न वापरलेल्या वस्तू घरी राहू द्याव्यात. तीन-चार भटकंतींनंतर ही यादी आपोआप आटोपशीर होते.

निघण्यापूर्वी तपासा

• पाणी तीन लिटर, उन्हाळ्यात व मुक्कामास चार, वेगवेगळ्या बाटल्यांत.
• जड सामान पाठीलगत, मध्यावर. दोन्ही बाजूंचे वजन सारखे.
• रेनकोट, औषधे आणि टॉर्च सॅक न उपसता हाती लागतात का?
• सुका जोड स्वतंत्र प्लॅस्टिक पिशवीत.
• सॅकबाहेर काहीही लोंबत नाही. दोन्ही हात मोकळे.
• कमरेचा पट्टा हाडांवर बसला आहे.
• शिट्टी, ओळखपत्र, थोडे सुटे पैसे, पूर्ण चार्ज केलेला मोबाइल.
• कचऱ्यासाठी रिकामी पिशवी.
• जाण्या-येण्याची वाट व वेळ घरी सांगितली आहे.
• हवामान विभागाचा इशारा पाहिला आहे.

सॅक भरून झाली की ती पाठीवर घेऊन घराचे दोन-तीन जिने चढून-उतरून पाहावे. जे जिन्यावर टोचते ते गडावर सोलून काढते, आणि घरी असताना ते काढून ठेवणे सोपे असते.